विजेच्या खोलीची किल्ली

"वहिनी, ही किल्ली कमरेला खोचा आणि मी मागितली तरी मला देऊ नका."

धाकट्या दिराने हे सांगितलं तेव्हा मला केवढं कौतुक वाटलं होतं. त्याला मी कडेवर वाढवलेला. उन्हापासून वीज करणाऱ्या कंपनीचा तो मुकादम झाला आणि आमचा चराईचा माळ मागायला आला. गावाने अट घातली, की दिवसाची वीज खुशाल न्या, पण बॅटऱ्यांत साठेल त्यातली संध्याकाळी दोन तास आमच्या विहिरीच्या मोटारीला द्या. आणि त्या बॅटऱ्यांच्या खोलीची किल्ली गावातच राहील. कोठाराची किल्ली ज्या घरात, धान्यही त्याच घरचं, असं आम्ही जन्मभर पाहिलेलं. कंपनीच्या साहेबाने किल्ली हसत हसत काढून दिली.

कराराच्या कागदावर बायकांचे अंगठे मी घेतले. मी नेमाची बाई, सकाळचा जप झाल्याशिवाय पाणीही पीत नाही, म्हणून कोणी दुसरा प्रश्न केला नाही.

वर्षभर मोटार चालली. मग ऐन उन्हाळ्यात, माळाची माती टाचेला चटके देत होती तेव्हा, ती बंद पडली. आठव्या दिवशी दुपार कलताना आम्ही बायका खोलीपाशी जमलो. मी कुलूप उघडलं. आतली कपाटं गुणगुणत होती, हिरवे दिवे लागलेले. तेवढ्यात दीर फटफटीवरून आला.

"काय रे मुकादमा," लोहारीणकाकू म्हणाल्या, "इथे तर पोळं भरलंय! आमच्याच मोटारीला कुणाची दृष्ट लागली?"

"काकू, राज्याचा नवा नियम आलाय. साठवलेली वीज संध्याकाळी वरच्या तारांत सोडायची. तेव्हा शहरात मागणी असते, भाव चढतो. विजेचाही बाजार असतो आता."

"असू दे की. माळ आमचा, ऊन आमच्या डोक्यावरचं, आणि बाजारात आम्हालाच जागा नाही होय?"

मी हळूच विचारलं, "मोटारीचं बटण कुठलं रे यातलं?"

"इथे नाही ते. राजधानीत आहे. संगणकावरून चालतं सगळं."

"मग ही किल्ली?"

त्याने मान खाली घातली. "झाडलोटीला, वहिनी."

एक बाई फिसकन हसली आणि तिने लगेच पदर तोंडाला लावला.

"नियम बदलला तर गावाची वीज बंद होईल, हे कागदात होतं?" मी विचारलं.

"होतं. शेवटच्या पानावर."

"मला वाचून दाखवलंस तेव्हा?"

"ते पान वाचलं नाही. वाचलं असतं तर तुम्ही एकही अंगठा आणला नसता."

त्याने खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. लोहारीणकाकू त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. "तुझ्या तोंडाकडे बघून दिला गं अंगठा," एवढंच बोलल्या आणि पदर झटकून निघाल्या. एकेक करून साऱ्या गेल्या. मी किल्ली कुलपातच राहू दिली.

"वहिनी, मी वर अर्ज करतो. रागावू नका."

"मेंढरंवाली आली नाही आज," मी म्हणाले.

"ती कशाला येईल? ओढ्यापाशी असेल."

तिचा अंगठा सगळ्यात शेवटी मिळाला होता. माळ गेला तर मेंढरं ओढ्याकाठी न्यावी लागतील, तिथे उन्हाळ्यात प्यायला थेंब नाही, म्हणून ती अडून बसली होती. तेव्हा मी तिचा हात धरून म्हणाले होते, "तिथल्या हौदात मोटारीने पाणी येईल. नाही आलं तर मी डोक्यावरून आणीन." दुसऱ्या कुणाला हे ठाऊक नव्हतं. गेले सात दिवस मी वीज येण्याची वाट बघत बसले आणि तीही मागायला आली नाही.

घरून मोठा हंडा आणि कळशी घेतली. विहिरीचा दोर तळाला पुरेना, म्हणून गोठ्यातलं दावं सोडून त्याला जोडलं. हंडा भरता भरता तळहात सोलून निघाले. दीर मागून आला.

"एवढ्या मेंढरांना एका हंड्याने काय होणार, वहिनी?"

"खेपा कराव्या लागतील," मी म्हणाले. चुंबळ डोक्यावर नीट बसवली, हंडा चढवला आणि ओढ्याच्या वाटेला लागले.