हळव्या भाताचं नवें

दिल्लीत बादशहाचा दरबार भरला, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. आमच्या कुंभारवाड्याला त्या दरबाराशी काही देणंघेणं नव्हतं. आम्हाला एवढंच कळत होतं, की रानात कुमरी करायला बंदी आली आहे. डोंगराचा तुकडा तोडायचा, जाळायचा आणि राखेत नाचणी पेरायची, हे आज्या-पणज्यांपासून चालत आलेलं, ते संपलं. उरली ओढ्याकाठची भाताची चिंचोळी शेतं, आणि त्यात वर्षाचं पोट भरेना. पाऊस सरला की माणसं कुळगीच्या रानात लाकडं ओढायला जायची, आणि एकेक घर तिकडंच राहायला लागलं. चार घरांची दारं कायमची लागली होती. पाचवं आमचं होऊ द्यायचं नाही, असं मी मनाशी घट्ट धरलं होतं.

माझ्या नवऱ्याला, नागूला, शेतकी खात्यानं धारवाडकडच्या सरकारी शेतावर शिकायला नेलं. जाताना रडवेला झालेला माणूस परत आला तो नुसता बडबड्या होऊन. रोपं ओळीनं लावायची, रानातला हिरवा पाला चिखलात कुजवायचा, बी आधी मिठाच्या पाण्यात टाकायचं आणि पोकळ दाणा वर आला की फेकून द्यायचा. सगळा गाव हसला. "नागू भाताचं लोणचं घालतोय," म्हणाले. मीही हसले, पण घरात. बाहेर कुणी हसलं की मी त्याची सात पिढ्यांची उजळणी करून सोडायची.

येताना त्यानं हळवं बी आणलं होतं, लवकर पिकणारं. शेतकीसाहेबाची बोली साधी होती. ओढ्याकाठच्या आमच्या तुकड्यातलं भात त्याच्या डोळ्यांदेखत कापायचं, झोडायचं आणि तराजूवर घालायचं. बारा मण भरलं तर सरकार कुंभारवाड्याला अनुदान देणार: तीन वर्षं शेतकीचा वर्ग, लोखंडी नांगर, बैल आणि ओढ्याला दगडी बांध. वर्गाचा मास्तर नागू. बारा मण भरलं नाही, तर ते अनुदान खानापूरकडच्या एका गावाला.

भात असं आलं की मी रोज सकाळी बांधावर जाऊन बघत बसायची. लोंब्या वाकल्या, पिवळ्या झाल्या. नागू म्हणाला, बारा मणांना मरण नाही. आणि तिथंच आमचं नशीब आडवं आलं. गावचं भात अजून हिरवंगार होतं आणि आमचं पिकून गळायला आलं होतं.

आमच्याकडं नवें, म्हणजे नव्या भाताचा सण, झाल्याशिवाय कुणी भाताला विळा लावत नाही. गावचा बुदवंत, म्हणजे गावाचा वडीलधारा, देवाच्या वाफ्यातली पहिली लोंबी कापतो, देवाला दाखवतो, मगच बाकीच्यांचे विळे निघतात. त्याआधी कुणी कापलं तर सगळ्या गावाला दोष लागतो. असल्या माणसाला मग गावात विस्तव मिळत नाही, पाणी मिळत नाही आणि पोरीला स्थळ मिळत नाही; आमच्याही घरात पोर होतीच. बुदवंत होते म्हादूकाका, नागूचे सख्खे चुलते. बाप गेल्यावर नागूला त्यांनीच वाढवलं होतं.

पाटलाचा निरोप आला, साहेब परवा सुप्याहून येतोय. आम्ही दोघं काकांच्या अंगणात गेलो. चार जाणती माणसं आधीच बसलेली होती.

"काका, साहेब परत येनार न्हाई," नागू म्हणाला. "नव्याला अजून पंधरा दीस हायत. तवर दाना सगळा भुईवर पडंल."

"पडू दे," काका म्हणाले. "देवाच्या आधी तू खानार काय?"

"खात न्हाई. कापतो निस्तं."

"विळा लागला म्हंजे लागला. माझ्या हातानं तुला वाळीत टाकायला लावू नगंस, नागू."

नागूची मान खाली गेली. माझी कुठली जायला! डोक्यात नुसता जाळ झाला होता.

"विळा नव्याच्या आधी लागू नये, व्हय ना?" मी म्हणाले. "मग नवेंच आधी करा. आमच्या शेतात करा. भात पिकलंय, लोंबी हाय. देवाला काय, ती कुनाच्या वाफ्यातली हे इचारायचं हाय?"

माणसं माझ्याकडं बघायला लागली, जणू मी चुलीत पाणी ओतलं होतं. पहिली लोंबी काकांनी स्वतः कसलेल्या देवाच्या वाफ्यातली. तोच त्यांचा मान होता. दुसरं काही त्यांच्यापाशी नव्हतं. घर आमच्याइतकंच गळकं होतं.

"फुला, घरला जा," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही त्यांचा निरोप आला नाही. नागू जेवला नाही. मी जेवले, कारण उपाशीपोटी मला भांडता येत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब घोड्यावरून आला. मागून गाडीत तराजू आणि वजनं. माणूस वाईट नव्हता. त्यानं बांधावर उभं राहून शेत बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. "शाब्बास नागू! लाव विळा."

पलीकडच्या बांधावर सगळा गाव उभा होता. कुणी ओरडत नव्हतं, ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. नागू विळा घेऊन चिखलात उतरला. पहिल्या ओळीपाशी वाकला. मला म्हणायचं होतं, काप. मला म्हणायचं होतं, नको कापू.

तेवढ्यात वरच्या वाटेनं ढोल वाजला.

म्हादूकाका येत होते. अंगावर घोंगडी, हातात ताट, ताटात हळद-कुंकू आणि नारळ. ते कुणाकडं न बघता सरळ आमच्या शेतात उतरले, नागूच्या हातातला विळा घेतला, देवाला गाऱ्हाणं घातलं आणि पहिली लोंबी कापली. आपला मान त्यांनी आमच्या चिखलात उतरवला होता. मला रडू फुटलं, आणि मी ते अजिबात लपवलं नाही.

पण नवें म्हटलं की त्याची रीत आली. जिथं पहिली लोंबी कापतात तिथून घरटी एक पेंढी न्यायची, दाराला बांधायची आणि तिच्यातलेच दाणे काढून पहिलं नवं शिजवायचं. हे त्या घडीपर्यंत आमच्या दोघांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पेंढ्या दरसाल देवाच्या वाफ्यातून जायच्या, आणि तो आमचा कधी नव्हताच. बाया पदर खोचून शेतात उतरल्या. एकेक पेंढी कापली जात होती आणि मी मनातल्या मनात बारा मणांतून शेर वजा करत होते. शेजारच्या पार्वतीनं तर चांगली मांडीएवढी जाड पेंढी बांधली. मी पुढं झाले, तर नागूनं माझा दंड धरला.

"नेऊ दे, फुला. नव्याला कुनाला अडवायचं न्हाई."

मग कापणी झाली, झोडणी झाली. उन्हं कलली तरी एकही माणूस घरी गेलं नव्हतं. साहेबाचा तराजू बघायचा होता ना सगळ्यांना. बाया पेंढ्या कडेवर घेऊन उभ्या होत्या. मण मण भात पारड्यात पडत होतं. अकरा झाले. बारावं पारडं वर आलं ते वरच राहिलं. सुपं झाडली, खळं झाडलं, तरी पारडं खाली येईना.

साहेबानं वजनं पुन्हा एकदा मोजली. मग म्हणाला, "नागू, काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण मला तराजूवर आहे तेवढंच लिहिता येतं."

"ह्या पेंढ्या ह्याच शेतातल्या हायत!" मी ओरडले.

"आहेत ना. मग त्या तराजूवर यायला हव्यात."

कुणी हललं नाही. देवाची पेंढी हातात घेतल्यावर परत द्यायची म्हणजे घरातलं माणूस द्यायचं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो. पार्वतीनं पेंढी छातीशी आवळून धरली. तिच्या घरात महिन्याचं मूल होतं. तिच्याकडं मागायला माझी जीभ उचलेना.

साहेबानं आपल्या माणसाला तराजू उतरवायला सांगितलं.

"थांबा," म्हादूकाका म्हणाले. ते पुढं आले. ताटातली देवाची लोंबी, पहिली लोंबी, त्यांनी मुठीत चोळली आणि दाणे पारड्यात टाकले. मग गावाकडं वळले.

"पेंढ्या झोडा. दोष मी घेतो. कुनाच्या घरावर न्हाई, माझ्यावर. बुदवंत कशाला हाय मग मी?"

सगळ्यांत आधी पार्वती आली. मग बाकीच्या आल्या. बाराव्या मणाचं पारडं खाली टेकलं आणि वर मूठभर भात उरलं.

साहेब गेल्यावर मी ते मूठभर भात पदरात घेऊन काकांच्या दारात गेले. "शिजवून खा," मी म्हणाले. त्यांनी मला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. दोष घेतलेल्यानं त्या वर्षी नवं भात खायचं नसतं.

"पुढल्या साली खाईन की, फुला," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याशी हसून बोलले.

गावचं भात पिकल्यावर सगळ्या गावानं नवं भात खाल्लं, काका नाचणीच खात राहिले. उन्हाळ्यात त्यांना हिवताप आला आणि ते गेले. गाव म्हणाला, दोष लागला. साहेब म्हणाला, सुप्याच्या रानातला ताप तो, असाच नेतो. ज्येष्ठात नांगर आले, बैल आले, आणि वर्ग भरला तो काकांच्याच अंगणात. कुळगीला गेलेल्यांतली दोन घरं परत आली.

पुढच्या नव्याला मी नवं भात शिजवलं. नागूच्या ताटात वाढलं, पोरीला वाढलं. माझ्या ताटात वाढून घेतलं आणि माझ्यानं घास उचलला गेला नाही.