रुंद केलेल्या खाचा

तिच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात एक नियम होता आणि तो तिनंच घातला होता. वादकानं आधी वाजवून, गाऊन दाखवायचं, कानस त्यानंतर. घासलेलं परत भरून येत नाही. दहा वर्षांत हा नियम तिनं एकदाच मोडला, तोही सख्ख्या भावासाठी.

दादा बास गिटार वाजवायचा आणि गायचा. त्याच्या बँडमध्ये त्याला सगळे भोंगा म्हणत. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जायचं. गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो आवाज बसला तो बसलाच. आधी त्यानं बास अर्धा सूर उतरवून नेला, मग एक सूर. बाकीची वाद्यं त्याच्या मागोमाग उतरली. दोन्ही वेळा नुसत्या खुंट्या सैल करून भागलं होतं. या खेपेला त्याला मूळ सुरापासून अडीच सूर खाली हवं होतं, आणि संध्याकाळच्या तालमीआधी हवं होतं. तिथं गाता आलं नाही तर गायक बदलायचा, असं ठरलं होतं. ड्रमवाल्यानं तर तोंडावर ऐकवलं होतं की आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

तिनं त्याला समजावलं, की एवढं उतरवलं तर याच तारांवरचा ताण निम्म्याच्या आसपास येईल आणि त्या लोंबतील. जाड तारा लागतील, आणि त्या बासच्या मानेच्या टोकाच्या हाडाच्या पट्टीतल्या खाचांत बसणार नाहीत.

"मग खाचा रुंद कर. डॉक्टरनं माझा गळा कापला तेव्हा मी कुठं कुरकुर केली? तूही चालव सुरी, डॉक्टरीणबाई."

तो हसला. हसण्याला आवाज नव्हता.

"आधी गाऊन दाखव," हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्याचं गाणं ऐकायचं ती महिनोन्महिने टाळत होती. फोनवरसुद्धा आपणच बोलायचं आणि ठेवून द्यायचा. तिनं कानस उचलली.

एकेक खाच तिनं तारेच्या जाडीपेक्षा केसभर रुंद केली. जाड तारा चढवल्या. ओढा बदलला, म्हणून मानेच्या आतली सळई पाव फेरा सैल केली. घोडीवर प्रत्येक तारेचा टेकू मागे सरकवत गेली, मोकळी तार आणि बारावा पडदा यांचे सूर नेमके जुळेपर्यंत. दोन तास दादा स्टुलावर बसून तिच्या हातांकडे बघत होता. एरवी त्यानं तिचं डोकं खाल्लं असतं.

मग त्यानं सगळ्यात जाड तार छेडली. टेबलावरच्या डबीतले स्क्रू थरथरले. त्या वर्षात तिच्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं.

दादानं तोंड उघडलं. दोन शब्द आले, तिसऱ्याला नुसता वारा. तो पाणी प्यायला, पुन्हा गायला. पुन्हा तिथंच.

सूर वर आहे की खाली, याचा संबंधच नव्हता. त्याच्या गळ्यातल्या स्वरतंतूंच्या दोन कडा आता एकमेकींना टेकत नव्हत्या, आणि ज्या टेकत नाहीत त्या कंप पावत नाहीत, कुठल्याच सुराला. डॉक्टरांचा अहवाल तिनंच वाचून दाखवला होता त्याला. तिला सगळं कळलं होतं, आणि तरी तिनं खाचा घासल्या होत्या.

"जुन्या तारा परत लावल्या तर?" त्यानं विचारलं.

"या खाचांत खडखडतील. नवी पट्टी करते मी. परवापर्यंत."

"परवा कुणासाठी?"

 दादानं घड्याळाकडे पाहिलं, बास मांडीवर सरळ केला आणि खुंट्यांची बाजू तिच्याकडे वळवली.

"अजून थोडं खाली घे, छोटे."

तिनं खुंटी फिरवली. तो म्हणाला, अजून. तिनं अजून फिरवली. जाड तार सैल होऊन पडद्यांवर आपटायला लागली. सूर संपला, नुसतं थपथप उरलं. दादानं मान डोलावली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

ती हात खुंटीवरच ठेवून उभी राहिली, या वेळी शेवटपर्यंत ऐकायला.