रक्तपेढीचे नाव आणि माझी पाने

मी एक जुनी नोंदवही आहे. माझा पुठ्ठा जाड आहे आणि पाठीला कापडी पट्टी आहे. सध्या मी एका कपाटात घडी घातलेल्या चादरींखाली पडून असते.

मित्रांनो, इंटरनेटवर नाव टाकले की तुम्ही नेमक्या दारी पोहोचता. त्या नावाला डोमेन म्हणतात. एक नाव दोघांना देता येत नाही, म्हणून कोणते कोणाला दिले हे लिहून ठेवावे लागते. सुरुवातीला अख्ख्या देशाची ती नोंद माझ्यात होई. विद्यापीठाच्या संगणक खोलीतला एक तंत्रज्ञ ती करी. घरी लेक त्याला अण्णा म्हणे, म्हणून मीही अण्णाच म्हणते.

अण्णा आधी नाव पेन्सिलीने लिहीत. मग मागणाऱ्याला स्वतः फोन करीत आणि संस्था खरी आहे अशी खात्री पटली की ते शाईने गिरवीत. सहकारी चिडवत, "तुम्ही म्हणजे साऱ्या देशाची आत्याबाई!" अण्णा म्हणत, "नाव ठेवणारे पुष्कळ आहेत, निस्तरणारा मी एकटा."

एकदा एका रक्तपेढीने नाव मागितले. तिथल्या डॉक्टरीणबाईंना अण्णांनी संपर्कासाठी ई-मेल विचारला.

"तो कुठून आणू? आमच्याकडे एक फोन, तोही शीतपेटीशेजारी."

"बरं, तूर्त माझाच पत्ता टाकतो. तुमचा झाला की कळवा."

असे त्यांनी कितीतरी संस्थांसाठी केले. पुढे बहुतेकांनी आपापले पत्ते कळवले. रक्तपेढीने कळवला नाही आणि अण्णाही विसरले.

मग नावांचा कारभार एका कंपनीकडे गेला. अण्णा निवृत्त झाले आणि मला घरी घेऊन आले, कारण कंपनीला कागद नको होता. नावांच्या कामाचा त्यांचा ई-मेलही कंपनीकडे गेला होता; तो तिने त्याच आठवड्यात बंद केला. कंपनी आल्यापासून नाव दरवर्षी नव्याने नोंदवावे लागते आणि त्याची आठवण संपर्काच्या पत्त्यावर जाते. रक्तपेढीची आठवण त्या बंद पत्त्यावर जात राहिली.

एका दुपारी मला चाळताना अण्णांचे बोट त्या ओळीवर थबकले. संगणकावर पाहिले तर मुदत टळून गेली होती. सवलतीचे बारा दिवस उरले होते, त्यानंतर ते नाव कोणालाही घेता आले असते. त्यांनी कंपनीला फोन लावला.

"काका, विनंती नोंदलेल्या पत्त्यावरूनच यायला हवी."

"तो पत्ता तुम्हीच बंद केलात."

"हो ना. मग आमचाही नाइलाज आहे."

"एका दिवसापुरता उघडा."

"धोरणात बसत नाही, काका."

अण्णांनी अर्ज केले, हेलपाटे घातले. डॉक्टरीणबाईंनीही शिक्क्याचे पत्र दिले. कंपनीने पोच दिली, उत्तर दिले नाही. "अण्णा, दोन घास तरी खा," लेक म्हणे. ते म्हणत, "एवढा फोन होऊ दे." तेराव्या दिवशी कोणा अनोळखी माणसाने ते नाव घेतले.

महिन्याभराने डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "अहो, एक बाप मुलीसाठी रक्त शोधत होता. आमच्या नावावर त्याला पत्त्यांचा जुगार दिसला. आमच्या दारात हा अड्डा कुणी थाटला?"

"मीच, बाई," अण्णा म्हणाले.

मुलीचे काय झाले हे त्यांनी विचारले नाही. बाईंनीही सांगितले नाही. त्यानंतर अण्णांनी मला उघडले नाही. पावणेदोन महिन्यांत ते गेले.

चौथ्या दिवशी कंपनीचा अधिकारी भेटायला आला. "काकांनी फार मोठं काम केलं. ती वही आमच्या दालनात काचेत ठेवू."

लेकीने विचारले, "आणि रक्तपेढीचं नाव?"

"ते प्रकरण आमच्याकडे बंद झालंय."

"मग वहीही घरातच राहील," ती म्हणाली आणि त्याचा न प्यायलेला चहा उचलून आत गेली.

मित्रांनो, मला काचेत बसायची हौस नाही. मला ऊन दाखवा, वाळवीपासून जपा असेही मी म्हणणार नाही. पण दुसऱ्याच्या अडचणीला आपला पत्ता देणारा एखादा माणूस तुमच्या कचेरीतही असेल. तो निवृत्त होईल तेव्हा भाषणे जरा थांबवा, त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसा आणि विचारा, "तुमच्या पत्त्यावर अजून कोणाकोणाचं काय येतं?" तो सांगेल ते लिहून घ्या. दार त्यानंतर बंद करा.