कोरे तळवे

शरदाची सोनसकाळ. नीलजलधीच्या फेनशुभ्र लाटा येत होत्या, जात होत्या. येता-जाता चाळीस माणसांच्या पावलांना शिवत होत्या. चाळीस पाठी, एक कणा. समुद्रात अर्धचंद्रासारखं पसरलेलं रापणीचं जाळं सारा गाव दोराने वाळूवर ओढत होता.

त्यात मेघगंभीर, दिगंतव्यापी आवाज बाबल कुबलचा. 'होऽऽ हैय्या!' शिरा फुगलेल्या, डोळे बाहेर. हात मात्र दोरावर नुसते टेकवलेले, पालखीला शिवावं तसे. तीन हंगाम त्याने एक वीतसुद्धा ओढलं नव्हतं.

जाळं आलं. बांगड्यांच्या रुपेरी राशीत एक निळा, जिवंत फुगा लखलखला, इंद्रनीलकांती, विषझालरी.

"हात लावू नकात, आग पडात," काठीने तो बाजूला सारत वाटे घालणारी द्वारकाकाकी म्हणाली. "मास्तर सांगी होते, ह्यो एक जीव नाय, ढीगभर जीव आसत. कोण तरंगता, कोण मारता, कोण खाता. पोट मात्र सगळ्यांचा एकच."

"आणि नुसतो बोंबलता तो खंयचो?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"तसलो ह्येच्यात नाय."

हशा पिकला. सर्वांत मोठ्याने बाबल हसला. सवय.

मग वाटे. गावची रीत अशी, की वाटा टोपलीत नाही, उघड्या ओंजळीत घ्यायचा. ओंजळी पुढे आल्या. दोराने सोललेल्या, रक्तकमळासारख्या. बाबलचे तळवे नवनीतकोमल, निष्कलंक. चंद्रालाही डाग असतो.

त्याने ओंजळ उलटी धरली.

उलट्या हातांवर बांगडे ठरेनात. घसरले, वाळूत पडले, आणि उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत राहिले. उरलेली एकोणचाळीस माणसंही. काकीने त्याचे हात सुलटे केले, पाहिले, आणि पुरा वाटा त्यांत घातला. शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

टळटळीत दुपार. निर्जन, कांचनवर्ण किनारा. पाण्याकडे झुकलेल्या एका माडाला दोर बांधून बाबल ओढत होता. निःशब्द. आयुष्यात पहिल्यांदा खरोखर ओढत होता, आणि माड काही येत नव्हता.

"रे मेल्या," वाटेवरून जाता जाता काकी ओरडली, "माडाक सोड! फाल्या सकाळी रापणीक ये."

'हो' म्हणायला त्याने तोंड उघडलं. तो दिगंतव्यापी आवाज फुटलाच नाही. तो खाली वाकला, पाण्यात तळवे धरले. तळव्यांवर दोराची एक रेघ. तांबूस, ओली, अगदी कोवळी. लाट आली, चुरचुरून गेली; आली, आणि चुरचुरून गेली.