खिडकीतले नऊ हजार

कॅप्टन सुजितनी ऑटोपायलटच्या उंचीच्या खिडकीत नऊ हजार फूट लावले आणि माझं डोकं फिरलं. रीतीप्रमाणे मी आकड्याकडे बोट केलं, मोठ्यानं "नऊ हजार" म्हटलं. पण मनात आलं, हा माणूस मला गोत्यात आणतोय.

देखरेखीखालची माझी ही शेवटची फेरी. उतरल्यावर सरांची सही झाली तरच मी पक्की सहवैमानिक. टॉवरनं पायऱ्या दिल्या होत्या: अलिबाग ओलांडेपर्यंत पाच हजार फूट, मग नऊ. पाचाच्या वर उतरणाऱ्या विमानांची वाट. खिडकीतल्या आकड्यापलीकडे ऑटोपायलट चढत नाही. कोणी तिथे जवळची पायरी लावतं, कोणी वरची लावून मधली संगणकावर सोडतं. दोन्ही चालतं, संगणकात ती पायरी असेल तर.

आमचं घर पेणचं, ट्रकवाल्यांचं. मेकॅनिकनं चाक बसवलं तरी बाबा वाकून म्हणणार, "नट मीच बघनार, मना कोनाचा भरोसा न्हाय." मीही तशीच.

विमान समुद्रावरून वळलं. सर अगदी निवांत, आणि तेच मला खुपत होतं. तीन हजार झाले, साडेतीन झाले. मी संगणकाचं पान उघडलं. अलिबागपुढची जागा रिकामी!

माझी परीक्षा घ्यायला सरांनीच पुसलं असणार. संतापानं कान तापले.

"सर, पाचची पायरी नाहीये. पाच लावा!"

त्यांनी झटकन आकडा फिरवला. पाच हजारांवर विमान सपाट झालं, तोच डोक्यावरून दुसरं निघून गेलं. सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला तेही नाटक वाटलं.

गोव्याला उतरल्यावर मी तोंड सोडलं. "माणसं बसलेली असताना असली परीक्षा घेता?"

"मी काही पुसलं नाही, जागृती. पाचची पायरी तू हातानं भरलीस. मग उड्डाणाआधी धावपट्टी बदलली. मार्ग पुन्हा कोणी भरला?"

मीच. मार्ग नव्यानं भरला की हातानं घातलेलं पुसलं जातं, हे मला पाठ होतं. घाईत पाच परत घालायचे राहिले आणि मी मात्र सरांचे हात बघत बसले.

"मीही न तपासता नऊ लावले," ते म्हणाले. "सही आज नाही होणार."

त्यांनी अहवाल पुढे ओढला. 'चूक कोणाच्या लक्षात आली' इथे माझं नाव लिहिलं. खालच्या रकान्यात, 'चूक कोणाकडून झाली' इथे, स्वतःचं लिहिलं आणि पेन माझ्याकडे दिलं. मला रडू फुटलं. त्यांच्या नावाच्या वर थोडी जागा होती, तिथे मी माझं लिहिलं.