सेनादोरचा क्रमांक

पायसांदू शहरातल्या एचेगाराय कुटुंबात सेनादोरने अन्नत्याग केला, त्याला त्या शुक्रवारी सहा दिवस पूर्ण झाले. अन्नत्याग हा शब्द गृहस्वामी वाल्देमार एचेगाराय यांचा. त्यांची पत्नी नेलिदा त्याला रुसवा म्हणत असे आणि जनावरांच्या डॉक्टर सिल्वेइराबाई तणाव म्हणत. सेनादोर स्वतः काहीच म्हणत नव्हता. तेरा वर्षांचा, पिकल्या तोंडाचा, मागच्या पायांनी अधू झालेला तो धिप्पाड कुत्रा पलंगाखाली भिंतीकडे तोंड करून पडून राही आणि पाण्याखेरीज कशालाही स्पर्श करत नसे.

या सगळ्याचे कारण दोन महिन्यांचे होते आणि त्या क्षणी वाल्देमार यांच्या डाव्या पायातली सपात चावत होते. नाव पुल्गा, म्हणजे पिसू.

पुल्गाला घरी आणण्याची कल्पना सर्वस्वी वाल्देमार यांची. चौतीस वर्षे शाळा-निरीक्षक म्हणून काढलेल्या या गृहस्थांना रिक्त जागा सहन होत नसे. एक शिक्षक निवृत्त होण्यापूर्वी दुसऱ्याच्या नेमणुकीचा आदेश निघालेला असावा, हे त्यांचे तत्त्व. हिवाळ्यात सेनादोर अंगणाच्या पायरीवर कोसळला आणि बराच वेळ उठू शकला नाही, तेव्हा ते तत्त्व त्यांनी घरालाही लागू केले. अर्थात तसे ते कोणाजवळ बोलले नाहीत. म्हाताऱ्या कुत्र्याला सोबत हवी, एवढेच बोलले.

"सोबत?" नेलिदा म्हणाली होती. "म्हाताऱ्या, तो अजून जिवंत आहे आणि तू त्याच्या जागी दुसरा आणून बसवलास. त्याला कळत नाही वाटतं?"

"कुत्र्याला भविष्यकाळ कळत नाही, नेलिदा. हे शास्त्रीय सत्य आहे."

"तुला कळतो ना? तुझ्या तोंडावर तो कुत्रा वाचतोय."

मग तिने मुदत घातली. ज्याच्या कुरणावरून पिल्लू आणले होते तो फाउस्तिनो रविवारी ट्रक घेऊन शहरात यायचा होता. तोवर सेनादोरने खाल्ले नाही, तर पिल्लू त्याच ट्रकमधून परत. वाल्देमार यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पत्नीच्या म्हणण्याला हरकत घेतली नाही. ते घाबरले आहेत हे तिने त्यावरूनच ओळखले.

घाबरलेला मनुष्य देवाकडे जातो. वाल्देमार पुस्तिकेकडे गेले. सिल्वेइराबाईंनी दिलेली ती बत्तीस पानी पुस्तिका त्यांनी तांबड्या शाईने अधोरेखित केली, पान नऊवरील एक विसंगती समासात नोंदवली आणि उपाय सुरू केले. दोघांचे टॉवेल अदलाबदल करून एकमेकांना वास दिला. भांडी दोन खोल्यांत ठेवली. सकाळी नदीकाठच्या रस्त्यावर, म्हणजे कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या जागी, दोघांना समांतर चालवले. नवल म्हणजे तिथे सेनादोर अत्यंत सभ्य वागला. पिल्लू त्याच्या शेपटीला लोंबकळले, तरी त्याने एखाद्या निवृत्त न्यायाधीशासारखे नदीकडे पाहत ते सोसले.

"पाहिलंस?" वाल्देमार घरी येऊन म्हणाले. "पद्धत यशस्वी होत आहे."

"पद्धत झाली यशस्वी," नेलिदा म्हणाली. "कुत्रा मरतोय उपाशी."

पुस्तिकेतला सर्वांत महत्त्वाचा नियम पान अकरावर ठळक अक्षरांत होता: घरातल्या जुन्या कुत्र्याला प्रत्येक गोष्टीत पहिला मान द्या. हा नियम वाल्देमार यांनी इतक्या निष्ठेने पाळला, की संध्याकाळच्या येर्बालाही त्यातून सूट मिळाली नाही.

दुपारची झोप आटोपली, की पाच वाजता दारासमोर फुटपाथवर खुर्च्या मांडायच्या आणि येर्बाची कडू हिरवी पत्ती तुंब्यात भरून, वर गरम पाणी ओतून, एकाच नळीने सर्वांनी पाळीपाळीने ओढायची, हा त्या गल्लीतला दिनक्रम. ओतणारा एकच, फेरी उजवीकडून, आणि जो जिथे बसला तोच त्याचा क्रमांक. वाल्देमार ओतत. मग नेलिदा, मग शेजारचे ओलेगारियो, आणि त्यांच्या पलीकडे गेली अकरा वर्षे सेनादोर. त्याची पाळी आली, की त्याला खाऱ्या बिस्किटाचा एक कोपरा मिळे. तो कोपरा खाऊन झाल्यावर फेरी पुढे सरके आणि फेऱ्या संपल्या, की तो आत जाऊन आपले जेवण करी.

आता पुस्तिकेच्या आज्ञेनुसार सेनादोरचे बूड ओढत ओढत वाल्देमार यांच्या उजव्या हाताला आणले गेले होते आणि स्वतः वाल्देमार पहिला घोट घेण्याआधी त्याच्या नाकासमोर बिस्किट धरत होते. ओलेगारियो हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस मुलीकडे गेले असल्याने त्यांची वेताची खुर्ची रिकामी होती. त्या रिक्त जागेवर, वर सांगितलेल्या तत्त्वानुसार, पुल्गाची टोपली ठेवण्यात आली. पहिल्या दिवशी सेनादोरने बिस्किटाकडे पाहिले, खुर्चीवरच्या टोपलीकडे पाहिले आणि तो उठून पलंगाखाली गेला. दुसऱ्या दिवसापासून तो फुटपाथवर आलाच नाही. वाल्देमार मग बिस्किट घेऊन पलंगाखाली वाकत आणि "पहिला मान, सेनादोर, पहिला मान!" असे विनवीत. कंबर धरल्याखेरीज याचे दुसरे फळ मिळाले नाही.

शनिवारी ओलेगारियो परतले. पोटाला पट्टा बांधून, पावले मोजत, ते पाचच्या ठोक्याला फुटपाथवर आले आणि उभेच राहिले.

"हे काय आहे?"

"पुल्गा," वाल्देमार म्हणाले. "नवीन आहे. बस ना, तुझ्यासाठी आतून स्टूल आणतो."

"स्टूल?" ओलेगारियोंचा आवाज चढला. "मी दहा दिवस गेलो काय, माझ्या खुर्चीत कुत्रं बसवलंस? मी मेलो नव्हतो, वाल्देमार! टाके घालायला गेलो होतो!"

"तू नसल्यामुळे जागा रिक्त..."

"रिक्त! ऐकलंस, नेलिदा? हा माझ्या मयताला आला, तर शवपेटीत कोणाला तरी घालून ठेवेल, रिकामी राहू नये म्हणून." मग त्यांनी आजूबाजूला पाहिले. "आणि म्हातारा कुठाय?"

नेलिदाने सहा दिवसांचे सातव्यासकट सगळे सांगितले. वाल्देमार यांनी पान अकरा उघडून दाखवले. ओलेगारियोंनी ते हात लांब करून वाचले, कारण चष्मा घरी होता.

"आणि तू त्याला पहिला देतोस? तुझ्याआधी?"

"मान म्हणून."

"अरे शहाण्या, पहिला तुंबा कोणाचा? मूर्खाचा! सगळी भुकटी, सगळी कडूजहर पत्ती त्याच्यात, म्हणून तर ओतणारा तो स्वतः गिळतो. पाहुण्याला पहिला दिलास, तर पाहुणा उठून जाईल. तो अकरा वर्षं चौथा आहे. त्याला काढून तू मूर्खाच्या जागी बसवलंस, माझ्या जागी हे शेंबडं पिल्लू बसवलंस, आणि विचारतोस तो जेवत का नाही? मी पण नसतो जेवलो."

"पण त्याला तर फक्त बिस्किट मिळतं," वाल्देमार म्हणाले. "तुंब्यातील पत्तीशी त्याचा संबंध येत नाही. तुझा युक्तिवाद तर्कदृष्ट्या..."

"म्हाताऱ्या," नेलिदा म्हणाली, "पुस्तिका मिट."

टोपली खुर्चीवरून उचलली गेली. ओलेगारियो आपल्या वेताच्या आसनावर विधिपूर्वक स्थानापन्न झाले. त्यांच्या उजवीकडची फरशी सेनादोरसाठी मोकळी सोडली आणि टोपली त्या फरशीच्याही पलीकडे, सर्वांत शेवटी ठेवली. नव्याने येणारा जिथे बसतो तिथे. वाल्देमार यांनी पहिला तुंबा स्वतः ओढला आणि तोंड वाकडे केले. मग नेलिदा. मग ओलेगारियो. मग फेरी रिकाम्या फरशीपाशी आली.

वाल्देमार यांनी सवयीने पुढचे पाणी ओतण्यास किटली उचलली.

"थांब," ओलेगारियो म्हणाले. "त्याची पाळी आहे."

"तो इथे नाही."

"मी पण नव्हतो. किटली खाली ठेव."

"पाणी निवेल."

"निवू दे."

पाणी निवू लागले. टोपलीत पुल्गा बिस्किटाच्या वासाने रडू लागली. कोपऱ्यावरची शिंपीण पिशवी घेऊन जाता जाता थांबली आणि कोणी वारले का, असे तिने हळूच विचारले. "अजून नाही," नेलिदा म्हणाली. वाल्देमार बिस्किटाचा कोपरा हातात धरून बसून राहिले. सेनादोर आलाच नाही, तर उद्या ट्रक येईल आणि पिल्लू जाईल. ट्रक गेल्यावरही तो आला नाही, तर काय, हा पुढचा विचार त्यांनी किटलीकडे पाहत अडवून धरला.

आतून नखांचा आवाज आला. सेनादोर उंबऱ्यात उभा राहिला, तिन्ही खुर्च्यांकडे आणि टोपलीकडे त्याने अधिकाऱ्याच्या सावकाशीने पाहिले, मग ओलेगारियोंच्या पट्टा बांधलेल्या पोटाचा वास घेतला आणि धापा टाकत आपल्या फरशीवर बसला. वाल्देमार यांनी बिस्किट पुढे केले. कुत्र्याने कोपरा सभ्यपणे घेतला.

पुल्गाने टोपलीतून झेप घेतली. सेनादोर एकदाच गुरगुरला, फार मोठ्याने नव्हे. पिल्लू मागे सरकून बसले आणि मग त्याला त्याचा तुकडा मिळाला, पाचवा.

"आता पाणी गरम करून आण," ओलेगारियो म्हणाले. "हे भांडी घासायचं पाणी झालंय."

त्या संध्याकाळी सेनादोरने आपले जेवण संपवले आणि अर्धे पिल्लाचेही. सिल्वेइराबाईंना वाल्देमार यांनी चार पानी पत्र लिहून पुस्तिकेतील तीन दोष निदर्शनास आणले. लागू पडलेला उपाय कोणाचा होता याचा उल्लेख करण्यास ते विसरले.

रविवारी फाउस्तिनोचा ट्रक आला तेव्हा फेरी रंगात होती. त्याने पिल्लाला गुंडाळण्यासाठी आणलेला पोत्याचा तुकडा काखेत धरून सेनादोरकडे पाहिले, त्याच्या पाठीला चिकटून झोपलेल्या पुल्गाकडे पाहिले आणि टोपलीच्या पलीकडे उकिडवा बसला.

"म्हणजे मी रिकामाच जायचं," तो म्हणाला. "बरं झालं. तसा म्हातारा किती दिवसांचा आहे? हा गेला, की ही त्याच्या जागी बसेल. सोय झाली तुमची, साहेब."

नेलिदाने नवऱ्याकडे पाहिले. हे वाक्य त्याचेच होते, फक्त त्याने ते कधी मोठ्याने म्हटले नव्हते. वाल्देमार यांनी तुंबा गुडघ्यावर टेकवला.

"नाही," ते म्हणाले. "ही पाचवी आहे. तो गेला, तरी पाचवीच राहील."

"मग चौथा कोण?"

"कोणी नाही. तिथे आल्यावर आपण थांबायचं."

"पाणी निवेल," फाउस्तिनो म्हणाला.

"निवेल," वाल्देमार म्हणाले. नेलिदाने बिस्किटाचा कोपरा मोडून त्यांच्या हातात दिला, कारण ओलेगारियोंचे ओढून झाले होते आणि सेनादोर वाट पाहत होता.