दानेश्वरीच्या पोटावरची लाल पिशवी

मी एक जुनी रबरी पिशवी आहे, शेकाची. मूळचा रंग लाल; आता वाळक्या मिरचीसारखी दिसते. मित्रांनो, उजनी धरणात मावणार नाही एवढं गरम पाणी माझ्यात भरून झालंय. खोटं वाटत असेल तर निम्मं धरा, तरी पुष्कळ उरतं.

सोलापुरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या औषधांच्या दुकानातून मला दानेश्वरीने आणलं. ही मैंदर्गीची पोर लग्न होऊन सोलापुरात आली आणि कडक भाकऱ्या करून विकू लागली. भाकरी इतकी पातळ, की पलीकडचं वर्तमानपत्र वाचावं! पण महिन्यातले चार दिवस ती चुलीपुढेच दुमडून पडायची.

शेजारच्या बाया त्या दिवसांत बाजूला बसत. या घरात ती रीत नव्हती, आणि सासू बसव्वाला त्याचा भारी अभिमान.

"आपल्यात विटाळ पाळत न्हाईत. कोपऱ्यात कशाला बसायचं? ऊठ की."

"अत्ती, विटाळ न्हवं, पोट दुखतंय."

"सगळ्या बायांचं दुखतंय. तुझंच काय सोन्याचं हाय व्हय?"

विटाळ न पाळण्याची रीत चांगलीच होती. पण पडून राहायला निमित्त उरलं नाही. मग मला पदराखाली बांधून ती भाकऱ्या थापायची. पुढून चूल, आतून मी.

नऊ वर्षं गेली. एकाने वायू सांगितला, दुसऱ्याने अपेंडिक्स काढलं, तिसरा म्हणाला, मूल झालं की थांबेल. मूल झालंच नाही. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीने पोटात पाहून नाव सांगितलं, एन्डोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो, आतले अवयव एकमेकांना चिकटतात.

दानेश्वरी चक्क हसली. "म्हंजे आजार हाय! मी सोंग करत न्हवते की."

नवऱ्याने, प्रभुलिंगने, तिची बोरमाळ विकली, ऑपरेशन झालं. मी चौदा महिने खुंटीवर निवांत. मग पुन्हा खाली उतरले. गोळ्यांनी दुखणं दबतं. पण गोळ्या महाग, आणि भाकऱ्या आता निम्म्याच होतात.

परवा घरी राहायला आलेली तेरा वर्षांची भाची सिद्धेश्वरी पोट धरून कळवळली.

"डॉक्टरकडं नेऊ या," दानेश्वरी म्हणाली.

"कशाला? पिशवी हाय की घरात," बसव्वा म्हणाली.

दानेश्वरीचा हात गळ्याकडे गेला. तिथे विकण्यासारखं काही नव्हतं. तिने मला भरून त्या कोवळ्या पोटावर ठेवलं.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू 'आम्हाला जपा' म्हणतात. माझी विनवणी उलटी आहे. मला फाडून टाका. मी आहे तोवर या पोरीला कोणी काही विचारणार नाही. दोनदा मी आपणहून फुटलेसुद्धा. पण प्रभुलिंगने सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलंय. फार चांगलं बसलंय मेलं.